जतनाचा अर्ज कोणी लिहावा?

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागातील एका रस्त्याला कॉलेज रोड असे नाव आहे. विमेन्स ख्रिश्चन कॉलेज याच रस्त्यावर असल्यामुळे हे नाव त्या संस्थेवरून पडले असावे, असे सहज वाटते. वस्तुतः ती संस्था १९१५ सालची आहे आणि नावातील ‘कॉलेज’ तिच्याहून शंभर वर्षांनी जुने आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना दक्षिणेतील भाषा शिकविण्यासाठी १८१२ साली स्थापन झालेले फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज पुढे या रस्त्यावरील आवारात होते. दक्षिणी भाषांचे कुल स्वतंत्र आहे, हे प्रतिपादन फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी १८१६ साली केले, ते या कॉलेजाच्या परिसरातच. मद्रास लिटररी सोसायटीही १८१२ सालचीच. शिक्षण खात्याच्या आवारातील तांबड्या विटांच्या इमारतीत तिचे ग्रंथालय आजही आहे. मद्रासच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाचा प्रारंभ १८५१ साली कॉलेजाच्याच इमारतीत झाला आणि त्याच्या मुळाशी सोसायटीने दिलेले भूशास्त्रीय नमुने होते.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना या आवाराचा इतिहास सामान्यतः एवढाच परिचित असतो. परंतु याच परिसराशी एका नामंजूर अर्जाची हकीकतही निगडित आहे. ऐतिहासिक वारशाच्या जतनासाठी अनुदान मागण्याचा प्रश्न आज गावोगावच्या ग्रंथालयांपुढे, मंडळांपुढे आणि संस्थानी दप्तरांच्या वारसांपुढे उभा असताना त्या हकीकतीकडे पुन्हा पाहणे उचित ठरेल.

कर्नल कॉलिन मॅकेंझी यांनी सुमारे चार दशके दक्षिण भारतात हिंडून हस्तलिखिते, शिलालेखांच्या नकला, नाणी, चित्रे आणि गावोगावच्या कैफियती गोळा केल्या. हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. त्यांना देशी भाषांचे विशेष ज्ञान नव्हते. संग्रहाचा खरा भार त्यांच्या पदरी असलेल्या देशी साहाय्यकांनी वाहिला. त्यांत कावली व्यंकट बोरय्या व त्यांचे बंधू लक्ष्मय्या हे तेलुगू ब्राह्मण प्रमुख होते. नारायणराव, बाबूराव अशी मराठी वळणाची नावेही त्या यादीत आढळतात. १८२१ साली मॅकेंझी निवर्तले. कंपनी सरकारने त्यांचा संग्रह त्यांच्या पत्नीकडून एक लाख रुपयांना विकत घेतला. होरेस हेमन विल्सन यांनी १८२८ साली कलकत्त्यात त्याची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. तीनुसार वाङ्मयीन हस्तलिखिते १,५६८, स्थानिक वृत्तांत २,०७०, शिलालेखांच्या नकला ८,०७६ आणि नाणी ६,२१८ होती. भाषा १४ आणि लिप्या १६. मराठीला त्यांत स्वतंत्र स्थान होते. संग्रहाचा काही भाग लंडनला गेला. दक्षिणी भाषांतील बराच भाग मद्रासला परतला आणि १८३० च्या सुमारास लिटररी सोसायटीच्या स्वाधीन झाला.

मॅकेंझी गेले तरी माहिती देणारी माणसे गावोगाव होतीच, आणि त्यांच्याशी संबंध ठेवून असलेले लक्ष्मय्याही होते. मॅकेंझी यांचे अपुरे राहिलेले संशोधन आपल्याकडे सोपवावे आणि त्यासाठी सरकारने साहाय्य करावे, असा प्रस्ताव त्यांनी मद्रास सरकारपुढे मांडला. सरकारने तो अभिप्रायासाठी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठविला. १८३६ साली जेम्स प्रिन्सेप यांच्या समितीने दिलेला अभिप्राय प्रतिकूल होता. काम निरर्थक आहे, असे समितीचे म्हणणे नव्हते. ते करण्याची पात्रता अर्जदारात नाही, असे तिचे मत होते. एवढ्या व्यापक योजनेला साधनांची पारख असणारे आणि त्यांवरून सामान्य सिद्धांत काढू शकणारे नियंत्रक मन लागते आणि ते लक्ष्मय्यांपाशी, किंबहुना कोणत्याही देशी माणसापाशी असेल असे मानता येत नाही, असा तिच्या अभिप्रायाचा आशय होता. हस्तलिखितांच्या परीक्षणाचे काम रेव्हरंड विल्यम टेलर यांच्याकडे गेले.

या प्रसंगाकडे केवळ वांशिक अहंकाराचा नमुना म्हणून पाहणे सोपे आहे आणि ते असत्यही नाही. तथापि न्यायाने एवढे म्हटले पाहिजे की टेलर यांचे काम निष्फळ ठरले नाही. शाई उडत चाललेल्या, किडीने खाल्लेल्या कित्येक पोथ्यांच्या नकला त्यांनी करवून घेतल्या, त्यामुळे तो मजकूर वाचला. त्यांची विवेचक सूची पुढे १८५७ ते १८६२ या काळात प्रसिद्ध झाली. मग हानी कशाची झाली? साठलेल्या कागदाची निगा राहिली, परंतु कागद जमविणारी, त्याचा अर्थ गावाकडून समजून घेणारी परंपरा थांबली. कैफियती सांगणारे लोक आणि त्या टिपून घेणारे लोक यांच्यातील दुवा तुटला. जे जतन झाले ते संग्रहाच्या रूपाने झाले. चालू विद्येच्या रूपाने झाले नाही.

या हकीकतीतील आणखी एक तपशील सहज नजरेआड होतो. लक्ष्मय्यांच्या योग्यतेविषयी कलकत्त्याच्या समितीने मत बनविले, ते त्यांनी लिहिलेल्या गोषवाऱ्यावरून. तीन दशकांचा अनुभव, अनेक भाषांचे ज्ञान, गावोगावचा विश्वास, यांपैकी काहीही त्या मेजापर्यंत पोहोचले नाही. पोहोचला तो इंग्रजीतला गोषवारा. अर्ज हा कामाचा आरंभ असतो, असे सामान्यतः समजले जाते. वास्तविक, काम कोणते, ते कोणी करावयाचे आणि त्याचे मोल कशात मोजावयाचे, या तिन्ही गोष्टींचा निकाल बव्हंशी अर्जाच्या कागदावरच लागतो.

आज परिस्थिती बाह्यतः पालटली आहे. देशी माणसाच्या बुद्धीविषयी तसे शब्द कोणी लिहिणार नाही. अनुदानाचे मार्गही पुष्कळ झाले आहेत. कलकत्त्यात १९७२ साली स्थापन झालेले राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान समान निधी व असमान निधी अशा दोन प्रकारच्या योजनांखाली ग्रंथालयांना साहाय्य करते. १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी निघाला. २००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन करण्याचा संकल्प जाहीर झाला. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातील दप्तरांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून जगभरातील खाजगी व दुर्लक्षित संग्रहांच्या प्रतिमा घेण्यास पैसा देतो, आणि मूळ कागद देशाबाहेर नेऊ नयेत ही त्याची अट स्तुत्य आहे. पैसा अपुरा असेल, पण तो मुळीच नाही अशी तक्रार करता येणार नाही.

तरीही अशा अर्जांच्या नमुन्यांकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. वस्तूंची संख्या किती, पाने किती, प्रतिमा किती निघतील, मुदत किती महिन्यांची, यंत्रसामग्रीचा खर्च किती, हे प्रश्न त्यांत ठळक असतात, कारण त्यांची उत्तरे आकड्यांत देता येतात आणि हिशेबतपासनिसाला पडताळता येतात. हा कागद वाचू शकणारे कोण आहेत, ते आणखी किती वर्षे असतील, त्यांच्या हाताखाली कोण तयार होत आहे, या प्रश्नांसाठी मात्र सहसा रकाना नसतो. १८३६ साली वाचणारा माणूस अपात्र ठरला होता. आज तो नोंदलाच जात नाही. परिणाम फारसा निराळा नाही.

मराठीच्या अभ्यासकांना हे समजण्यासाठी नुंगंबाक्कमहून तंजावरापर्यंत जाणे पुरेसे आहे. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी वाढविलेला सरस्वती महालाचा संग्रह सुपरिचित आहे. त्यांनीच १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळात भोसले कुळाचा मराठी इतिहास शिळांवर कोरवून घेतला. तमिळ मुलखातील चोळांच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरलेला तो लेख दोन भाषिक परंपरांच्या सहवासाचा केवढा मोठा पुरावा आहे! १९१८ साली राजघराण्याने हा ग्रंथसंग्रह सार्वजनिक केला आणि त्याच्या निगेसाठी एक लाख रुपये दिले. मॅकेंझी संग्रहाची किंमत आणि सरस्वती महालाची देणगी, दोन्ही रकमा एक लाखाच्याच. परंतु पहिली संग्रह मिळविण्यासाठी मोजली गेली आणि दुसरी तो पुढे चालावा म्हणून ठेवली गेली. अनुदानाचा विचार करताना या दोन लाखांतील फरक नीट ध्यानात घेण्यासारखा आहे.

सरस्वती महालात मोडी लिपीतील राजदप्तराचे १,३४२ रुमाल असल्याची नोंद आहे. रुमालात बांधलेल्या या कागदांत स्वाऱ्या आणि तह थोडे, आणि मुदपाकखान्याचा खर्च, छत्रांतील अन्नदान, वैद्यांची औषधे, नाटकशाळेचे साहित्य, पाटबंधाऱ्यांची डागडुजी अशा बाबी पुष्कळ. हे कागद वाचण्यास केवळ मोडी येऊन भागत नाही. पुण्याच्या दप्तरात मुरलेला वाचकही तंजावरी मराठीपाशी अडखळतो, कारण तिच्यात तमिळ महसुली शब्द, स्थानिक मापे आणि देवस्थानांची परिभाषा मिसळून गेली आहे. उलट, तमिळ इतिहासाचा जाणकार लिपीपाशी थांबतो. हा कागद वाचावयाचा तर दोन विद्यांचा संयोग लागतो. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ साली या मोडी कागदांतील निवडक भागाचे टिपांसह तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले, ते अशा संयोगाचेच फळ. तमिळमध्ये जे घडले त्याला जोड देण्याची जबाबदारी मराठीच्या विद्यापीठीय विभागांवर येते. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग चालतात, परीक्षाही होतात. परंतु त्यांतून तयार झालेल्या वाचकाला तंजावरपर्यंत नेणारी वाट क्वचितच कोणी आखतो.

वाचकावर पैसा खर्च केला असता काय घडते, याचे उदाहरणही मराठीतच आहे. मुंबई सरकारने पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या प्रकाशनाचे काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे सोपविले आणि १९३० ते १९३४ या अल्प काळात ४५ खंड बाहेर पडले. त्या योजनेत अनेक उणिवा काढता येतील. निवडीविषयी वाद झाले आणि दप्तराचा फार मोठा भाग न वाचलेलाच राहिला. परंतु तो पैसा मोडी वाचणाऱ्यांच्या वेतनावर आणि एका जाणत्या संपादकाच्या देखरेखीवर खर्ची पडला होता, म्हणून त्याचे फळ अभ्यासकाच्या हाती आले. त्याच्या आधी वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढली, ती सरकारी साहाय्याची वाट न पाहता. राजवाड्यांचा हा बाणा गौरवास्पद असला तरी तो धोरण होऊ शकत नाही. अर्ज न करण्याचा अभिमान पत्करल्यास अर्जाचे नमुने ठरविण्याचे काम मात्र इतरांकडे जाते.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कागद आज नष्ट होत आहे. वाळवी आणि दमट हवा वाचकाची वाट पाहत नाहीत. आधी प्रतिमा घ्याव्या, बांधणी दुरुस्त करावी. वाचन पुढच्या पिढ्या करतील. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मद्रासच्या हवेत ते अधिकच खरे. परंतु वर्णनावाचून घेतलेली प्रतिमा ही नुसती रास असते. रुमालात कोणत्या सालचा, कोणत्या खात्याचा, कोणाच्या हातचा कागद आहे हे कोणी सांगितले नाही, तर ती प्रतिमा असून नसल्यासारखीच. मॅकेंझी संग्रहात आजही वाट सापडते ती विल्सन व टेलर यांच्या सूच्यांमुळे, त्यांच्या दोषांसह. शिवाय नष्ट होणारी वस्तू केवळ कागदच नव्हे. तंजावरी मराठी घरात बोलणारा आणि जुना जमाखर्च ओळखणारा माणूस ताडपत्राइतकाच नाशवंत आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासकांच्याच बाजूने येतो. अर्ज, अंदाजपत्रके, प्रमाणपत्रे ही कचेरीची कामे. विद्वानाने त्यांत वेळ का दवडावा? हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो, पण तो अर्जाचे स्वरूप न ओळखल्याचे लक्षण आहे. ‘या संग्रहाचे महत्त्व काय?’ हा अर्जातील पहिला प्रश्न मूलतः समीक्षेचा आहे. एखाद्या छत्राच्या खर्चाची वही वाङ्मयाच्या इतिहासाला काय देते, एखाद्या लग्नपत्रिकेतील मजकूर बोलीविषयी काय सांगतो, हे लेखापाल सांगू शकणार नाही. अभ्यासकाने ते लिहिले नाही, तर ‘दुर्मिळ’, ‘प्राचीन’, ‘अमूल्य’ अशी विशेषणे ओळीने मांडली जातात. आणि वाचणारी समिती, समोर दुसरे काही नसल्यामुळे, वय व संख्या यांवर निर्णय करते. जे फार जुने नाही पण सर्वथा एकमेव आहे, ते अशा वेळी मागे पडते.

तेव्हा करावयाचे काय? प्रथम, जतनाच्या प्रत्येक अर्जात वाचन, वर्णन आणि वाचक घडविणे यांसाठी स्वतंत्र रक्कम मागितली पाहिजे, आणि तीही यंत्राच्या खर्चातून उरलेल्या शिलकीसारखी नव्हे, तर मुख्य बाब म्हणून. दुसरे, समान निधीच्या तत्त्वाचा अर्थ अधिक उदार लावावा. संस्थेने आपला वाटा रोख रकमेतच दाखवावा हा आग्रह लहान संग्रहांना बाहेर ठेवतो. ज्या कुटुंबाने वा पुजाऱ्याने तीन पिढ्या पोथ्या उन्हे देऊन, फडक्यात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून राखल्या, त्यांच्या श्रमाचे मोल त्या वाट्यात धरता आले पाहिजे. तिसरे, अर्ज संग्रहाच्या भाषेत करण्याची मुभा असावी आणि परीक्षक मंडळात त्या भाषेचा जाणकार असावा. लक्ष्मय्यांचा गोषवारा तेलुगूत असता आणि तो वाचणारा तेलुगू पंडित असता, तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न केवळ कल्पनाविलास नव्हे. चौथे, विद्यापीठांनी अशा कामाची गणना संशोधनात करावी. एखाद्या अप्रकाशित दप्तराचे तीस पानी वर्णन हे तीस पानी लेखाहून हलके मानण्याचे कारण नाही. आणि पाचवे, तंजावरसारख्या ठिकाणी मराठी व तमिळ विभागांनी संयुक्त अर्ज करावा; दोघांपैकी एकाने केलेला अर्ज त्या कागदाच्या अर्ध्याच अर्थाची मागणी करतो.

यांतील कोणतीही गोष्ट एकट्या अनुदानदात्याने ठरविण्यासारखी नाही. नमुने बदलतात ते चांगले अर्ज पुन्हा पुन्हा पुढे ठेवल्याने. एकदा ‘वाचक’ हा रकाना नसलेल्या कागदावर अर्जदाराने तो स्वतः आखून पाठविला, तर तो फेटाळलाही जाईल. दहा संस्थांनी आखून पाठविला, तर त्याची दखल घ्यावी लागेल.

नुंगंबाक्कमच्या त्या तांबड्या इमारतीत आता ग्रंथ दत्तक देण्याची योजना चालते. एखादा वाचक एका जीर्ण पुस्तकाच्या दुरुस्तीचा खर्च उचलतो. पाने निर्मळ होतात, बांधणी नवी होते आणि पुस्तक कपाटात परत जाते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतही अशी योजना आहे. लहान रकमांचे हे काम मोठ्या अनुदानांना एक गोष्ट शिकवू शकते: प्रत्येक पुस्तकामागे एक नाव असते, आणि ते पुस्तक कोणीतरी निवडलेले असते. मॅकेंझी संग्रहाचा मद्रासमधील भाग आज शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहे. त्यातील कैफियती उघडून बसणाऱ्या अभ्यासकाने त्या लिहून घेणाऱ्यांची नावे वाचावीत आणि लक्ष्मय्यांनी मागितलेले काम अद्याप पुरे झालेले नाही, याचे स्मरण ठेवावे. तो अर्ज नामंजूर झाला, परंतु त्यातील मागणी अवास्तव नव्हती. ती नव्याने करण्याचे काम आता भाषांच्या अभ्यासकांकडे आले आहे.